विश्लेषण : राज्यात परवानगी, पण घर मिळेना! अमेरिकेत वैद्यकीय गांजा वापरणाऱ्या रुग्णांना परवडणारे गाव शोधणे कठीण का?

अमेरिकेतील जवळपास ४० राज्यांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात गांजाच्या वैद्यकीय वापराला परवानगी दिली आहे. तरीही असाध्य वेदना, कर्करोग, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा अपस्माराने त्रस्त असलेल्या एखाद्या रुग्णाने ‘जिथे औषध कायद्याने मिळेल आणि राहणेही परवडेल’ असे गाव शोधायला घेतले, तर ते सहज सापडत नाही. सरकारी अनुदानाच्या घरात राहणाऱ्या गरीब रुग्णांसाठी तर गाव बदलणे हेच धोक्याचे ठरू शकते. असे का होते, कोणत्या गावांची नावे पुढे येतात आणि अमेरिकेतील मराठी कुटुंबांचा या प्रश्नाशी काय संबंध आहे, याचा हा आढावा.

रुग्ण गाव का बदलू लागले?

वैद्यकीय गांजाला परवानगी देणारे कॅलिफोर्निया हे अमेरिकेतील पहिले राज्य. तेथील मतदारांनी १९९६ मध्ये ‘प्रपोझिशन २१५’ मंजूर केले. त्यानंतर एकेक राज्य त्या वाटेने गेले. मात्र औषधासाठी अख्खे कुटुंब बिऱ्हाड हलवते, ही गोष्ट देशभर पोहोचली ती २०१३ मध्ये. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील शार्लट फिगी या मुलीला ड्रावे सिंड्रोम हा अपस्माराचा अत्यंत गंभीर प्रकार होता. कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार तिला आठवड्याला शेकडो झटके येत. गांजाच्या झाडातील कॅनाबिडिऑल म्हणजेच सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाचे प्रमाण जास्त असलेले तेल दिल्यानंतर ते खूपच कमी झाले. डॉ. संजय गुप्ता यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये ‘सीएनएन’वरील माहितीपटातून तिची कहाणी मांडली.

त्यानंतर आजारी मुलांना घेऊन अनेक कुटुंबे इतर राज्यांतून कोलोरॅडोत आली. अमेरिकी माध्यमे त्यांना ‘वैद्यकीय निर्वासित’ म्हणू लागली. कित्येकदा पती नोकरीसाठी मूळ गावी आणि पत्नी आजारी मुलासह कोलोरॅडोत, अशी दोन घरे झाली. शार्लटचे २०२० मध्ये निधन झाले.

अशा मुलांसाठी २०१८ मध्ये एक मार्ग खुला झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे ‘एफडीए’ने, सीबीडीपासून तयार केलेल्या ‘एपिडिओलेक्स’ या औषधाला मान्यता दिली. त्यामुळे ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉट सिंड्रोमच्या रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे औषध मिळू लागले. वनस्पतीच्या रूपातील गांजाला मात्र ‘एफडीए’ची मान्यता नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान संस्थेने २०१७ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले. प्रौढांच्या दीर्घकालीन वेदना, केमोथेरपीमुळे होणारी मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंचा ताठरपणा यांवर गांजा उपयोगी ठरत असल्याचे भक्कम पुरावे तिला आढळले. इतर अनेक आजारांबाबतचे पुरावे अपुरे किंवा कमकुवत होते. वेदनेच्या या प्रौढ रुग्णांना मात्र आजही राज्याराज्यांच्या नियमांवरच अवलंबून राहावे लागते.

राज्याने परवानगी दिली, मग अडचण कुठे?

अमेरिकेत एकाच वेळी दोन कायदे लागू असतात. राज्याचा कायदा वैद्यकीय गांजाला परवानगी देतो. दुसरीकडे केंद्र सरकारच्या १९७० च्या ‘कंट्रोल्ड सबस्टन्सेस अॅक्ट’ने गांजाला हेरॉइनसोबत पहिल्या यादीत टाकले. या यादीतील पदार्थांचा मान्यताप्राप्त वैद्यकीय उपयोग नाही, असे हा कायदा मानतो. त्यामुळे कोणताही डॉक्टर गांजाची ‘चिठ्ठी’ लिहून देऊ शकत नाही. रुग्णाला अमुक आजार असून गांजाचा उपयोग होऊ शकतो, एवढेच प्रमाणपत्र तो देतो. त्या आधारे राज्य सरकार रुग्णाला कार्ड देते.

या दोन कायद्यांत वरचढ कोण, हा प्रश्न ‘गोंझालेस विरुद्ध राइच’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. राज्याने परवानगी दिली असली आणि रुग्णाने स्वतःच्या औषधापुरतीच झाडे लावली असली, तरी केंद्र सरकार त्यावर बंदी घालू शकते, असा निकाल २००५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी लागला.

डिसेंबर २०१४ मध्ये रुग्णांना थोडा दिलासा मिळाला. राज्यांच्या वैद्यकीय गांजा योजनांत आडकाठी आणण्यासाठी केंद्रीय न्याय विभागाने पैसा खर्च करू नये, अशी अट अमेरिकी काँग्रेसने अर्थसंकल्पी कायद्यात घातली. पुढे तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली. मात्र ही अट फक्त न्याय विभागाला लागू होते. गृहनिर्माण, वाहतूक आणि स्थलांतर विभागांना ती बांधील करत नाही. पोलीस दारात येत नाहीत, पण घराचा अर्ज फेटाळला जातो, ही विसंगती तिथूनच सुरू होते.

एकाच राज्यात गावागणिक नियम वेगळे कसे?

बहुतेक राज्यांनी दुकानांना परवानगी द्यायची की नाही, हा निर्णय शहरे आणि काउंटींवर सोपवला आहे. त्यामुळे राज्याचा नकाशा पाहून गावाचा अंदाज येत नाही.

याचे ठळक उदाहरण कोलोरॅडोच आहे. या राज्याने २०१२ मध्ये प्रौढांच्या मौजेच्या वापरालाही परवानगी दिली. मात्र ज्या कोलोरॅडो स्प्रिंग्जकडे देशभरातून रुग्ण आले, त्याच शहराच्या परिषदेने २०१३ मध्ये मौजेसाठीच्या विक्रीवर बंदी घातली. वैद्यकीय कार्डावर विक्री करणारी दुकाने सुरू राहिली. शेजारच्या मॅनिटू स्प्रिंग्ज या छोट्या गावाने २०१४ पासून सर्व प्रौढांसाठी विक्री सुरू केली. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बंदी उठवली आणि एप्रिल २०२५ मध्ये तेथे ही विक्री सुरू झाली.

कॅलिफोर्नियातही निम्म्याहून अधिक शहरे आणि काउंटींनी दुकानांना परवानगी दिलेली नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या वृद्ध किंवा अपंग रुग्णाला दूरवर जावे लागे. म्हणून राज्याने कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून स्थानिक संस्थांना वैद्यकीय गांजाच्या घरपोच सेवेवर बंदी घालता येत नाही.

काही गावांना सीमेवर असण्याचा फायदा झाला. आयडाहोत वैद्यकीय गांजालाही परवानगी नाही. त्या राज्याला लागून असलेल्या ओरेगॉनमधील ऑन्टारियो गावात २०१९ पासून विक्री सुरू झाली आणि पाहता पाहता दुकाने वाढली. पण तिथे घेतलेला माल सीमेपलीकडे नेणे हा राज्याचा आणि केंद्राचा, दोन्हीकडचा गुन्हा आहे. औषध नियमित लागणाऱ्या आयडाहोच्या रुग्णापुढे दोनच पर्याय उरतात. औषधावाचून राहायचे किंवा सीमा ओलांडून कायमचे राहायला जायचे.

स्वस्त गाव म्हणून पुएब्लोचे नाव का येते?

कोलोरॅडोतील डेन्व्हर आणि बोल्डर या शहरांत घरे महाग आहेत. तिथून दक्षिणेला सुमारे १८० किलोमीटरवर पुएब्लो आहे. सुमारे १ लाख १० हजार वस्तीचे हे जुने पोलादनगर. १९८०च्या दशकात पोलाद उद्योगाला मंदीचा फटका बसला आणि हजारो नोकऱ्या गेल्या. त्यामुळे घरांच्या किमती व भाडी डेन्व्हरच्या तुलनेत बरीच कमी राहिली.

पुएब्लो काउंटीने २०१४ मध्ये पहिल्याच महिन्यात गांजाची दुकाने सुरू करू दिली. कोरडी हवा, मोकळी जमीन आणि भरपूर ऊन यामुळे तिथे लागवडही वाढली. काउंटीने गांजावरील करातून स्थानिक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. तेथील विद्यापीठात गांजावर संशोधन करणारी संस्था उभी राहिली.

मात्र गावात सगळेच खूश नव्हते. बाहेरून येणाऱ्या लोकांमुळे बेघरांची संख्या आणि रुग्णालयांवरील ताण वाढला, असा विरोधकांचा आरोप होता. त्यांनी २०१६ मध्ये गांजाचा व्यवसाय बंद करण्याचा प्रस्ताव मतदानाला आणला. मतदारांनी तो फेटाळला. दुकाने वाचली, पण मतदानाने दिलेली परवानगी मतदानाने काढूनही घेता येते, हेही यातून दिसले. गाव निवडताना रुग्णाला ही अनिश्चितता गृहीत धरावी लागते.

ओक्लाहोमाने वेगळे काय केले?

राहणीमानाचा खर्च सर्वात कमी असलेल्या अमेरिकी राज्यांत ओक्लाहोमाची गणना होते. हे राज्य राजकीयदृष्ट्या परंपरावादी. तरीही २६ जून २०१८ रोजी तेथील सुमारे ५७ टक्के मतदारांनी ‘स्टेट क्वेश्चन ७८८’ मंजूर केला आणि देशातील सर्वात मोकळ्या वैद्यकीय योजनांपैकी एक सुरू झाली.

इतर राज्ये पात्र आजारांची यादी करतात. ओक्लाहोमाने ती केलीच नाही, निर्णय डॉक्टरांवर सोडला. कार्डाचे शुल्क दोन वर्षांसाठी १०० डॉलर ठरले. मेडिकेड किंवा मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनांतील रुग्णांसाठी ते २० डॉलर होते. विक्रीवरचा खास कर ७ टक्के ठेवला गेला. रुग्णाला घरी सहा मोठी झाडे आणि सहा रोपे लावता येतात. दुकाने रोखण्यासाठी शहरांना जमीन वापराचे नियम आवळता येणार नाहीत, अशी तरतूदही झाली. त्यामुळे छोट्या गावांतही दुकाने निघाली. सुमारे ४० लाख लोकसंख्येच्या या राज्यात एकेकाळी २ हजारांहून अधिक दुकाने होती.

रुग्णांच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची तरतूद घर आणि नोकरीची आहे. निव्वळ कार्ड आहे म्हणून घरमालकाने घर नाकारू नये आणि नोकरीत भेदभाव होऊ नये, असे हा कायदा सांगतो. ॲरिझोनाच्या २०१० च्या कायद्यातही असेच संरक्षण आहे.

मात्र मोकळीकीचा गैरफायदा घेणारेही आले. बेकायदा लागवडीच्या तक्रारी वाढल्यानंतर राज्याने ऑगस्ट २०२२ पासून नवे व्यवसाय परवाने देणे थांबवले. मार्च २०२३ मध्ये मौजेच्या वापराला परवानगी देण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. रुग्णांची कार्डे सुरू राहिली.

स्वस्त घर आणि वैद्यकीय गांजा एकत्र का जमत नाही?

या प्रश्नाचा गाभा इथे आहे. ओक्लाहोमा आणि ॲरिझोनाच्या कायद्यांतील संरक्षणाला एक अपवाद आहे. घर दिल्याने घरमालकाचा केंद्र सरकारकडून मिळणारा लाभ जाणार असेल, तर तो नकार देऊ शकतो. आणि गरीब रुग्णांसाठी खरोखर परवडणारी घरे बहुतेकदा केंद्राच्या पैशावरच चालतात.

हिशेब करून पाहू. कमाईचे साधन नसलेल्या वृद्ध आणि अपंगांना केंद्र सरकार ‘एसएसआय’ ही मासिक मदत देते. २०२५ मध्ये एकट्या व्यक्तीसाठी तिची केंद्रीय कमाल रक्कम ९६७ डॉलर होती. सरकारी अनुदानाच्या घरात भाडेकरूला साधारणपणे उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम भरावी लागते. म्हणजे भाडे सुमारे २९० डॉलर आणि हातात उरतात ६७७ डॉलर. याच रुग्णाने खुल्या बाजारात, समजा, ७५० डॉलरची स्वस्तातली खोली घेतली, तर हातात उरतात २१७ डॉलर. त्यात जेवण, वीज, प्रवास आणि औषध भागवायचे. गांजा कितीही स्वस्त झाला तरी ही ४६० डॉलरची दरी भरून निघत नाही.

आता नियम पाहा. केंद्राच्या १९९८ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार, बेकायदा अमली पदार्थ वापरणाऱ्या अर्जदाराला अनुदानाचे घर नाकारावे लागते. गांजा राज्यात वैद्यकीय कारणासाठी कायदेशीर असला तरी हाच नियम लागू होतो, असे केंद्रीय गृहनिर्माण विभागाने २०११ आणि २०१४ मध्ये स्पष्ट केले. मात्र आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूला काढायचे की राहू द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या घरांच्या व्यवस्थापनाला आहे.

म्हणजे जो रुग्ण आहे तिथेच राहतो, त्याच्याकडे कानाडोळा होऊ शकतो. पण तो नव्या गावात जाऊन नव्याने अर्ज करतो, तेव्हा नियमानुसार त्याला नकारच द्यावा लागतो. औषध सहज मिळावे म्हणून उचललेले पाऊलच त्याचे स्वस्त घर घालवू शकते. घरात न ओढता खाण्याचे थेंब किंवा गोळ्या घेतल्या, तरी कायद्याच्या नजरेत फरक पडत नाही.

वॉशिंग्टन डीसीच्या प्रतिनिधी एलनॉर होम्स नॉर्टन यांनी ही अट काढण्यासाठी काँग्रेसमध्ये अनेकदा विधेयक मांडले. त्याचा कायदा होऊ शकला नाही.

नोकरीचे काय?

नव्या गावात नोकरी मिळाली तर भाड्याचा प्रश्न हलका होतो. पण नोकरीपूर्वी लघवीची चाचणी हा अमेरिकेत सर्रास प्रकार आहे. गांजातील टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचे अंश त्यात अनेक दिवस, नियमित वापर असेल तर काही आठवडेही दिसतात. कामावर असताना नशा होती की नाही, हे या चाचणीतून कळत नाही.

रुग्णांचे माहेरघर मानल्या गेलेल्या कोलोरॅडोतच याचा मोठा खटला झाला. हातापायांची हालचाल गमावलेले ब्रँडन कोट्स ‘डिश नेटवर्क’ कंपनीत काम करत. त्यांच्याकडे वैद्यकीय कार्ड होते. चाचणीत टीएचसी आढळल्यावर त्यांना कामावरून काढण्यात आले. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. राज्याच्या आणि केंद्राच्या, अशा दोन्ही कायद्यांत बसणाऱ्या कृतीलाच संरक्षण मिळते, असे न्यायालयाने म्हटले.

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये वेगळी भूमिका घेतली आणि रुग्ण कर्मचाऱ्याला अपंगत्वाच्या कायद्याखाली दाद मागता येईल, असा निर्णय दिला. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून, कामाच्या वेळेबाहेर गांजा वापरला म्हणून भेदभाव करण्यास बहुतेक नोकऱ्यांत बंदी घातली. मात्र ट्रकचालक, वैमानिक, रेल्वे कर्मचारी यांना केंद्रीय वाहतूक विभागाचे नियम लागू होतात. तिथे वैद्यकीय कार्ड चालत नाही. मालवाहतुकीवर जगणाऱ्या छोट्या गावांत हा अडसर मोठा ठरतो.

औषधाचा महिन्याचा खर्च कोण देतो?

बहुतांशी रुग्ण स्वतःच. आरोग्य विमा, मेडिकेअर आणि मेडिकेड वैद्यकीय गांजाचा खर्च देत नाहीत. माजी सैनिकांना गांजा वापरल्याबद्दल सैनिक कल्याण विभागाचे लाभ नाकारले जात नाहीत. पण त्या विभागाच्या डॉक्टरांनी कार्डासाठीचे प्रमाणपत्र देण्यावर विभागाचे निर्बंध राहिले. त्यामुळे खासगी डॉक्टरची फी स्वतः भरावी लागते.

म्हणून करांतील फरक महत्त्वाचा ठरतो. कोलोरॅडोत मौजेसाठीच्या खरेदीवर १५ टक्के विशेष विक्रीकर आहे, वैद्यकीय कार्डावर तो लागत नाही. न्यू मेक्सिकोत कार्डधारकांना गांजावरील उत्पादन शुल्क आणि राज्याचा विक्रीवरील कर, दोन्ही माफ आहेत. ज्या राज्यांत मौजेची विक्री सुरू झाली, तिथे अनेकांनी कार्डाचे नूतनीकरण थांबवले. पण नियमित औषध लागणाऱ्यांना करमाफी आणि जास्त मर्यादा यांमुळे कार्ड परवडते.

घरी झाडे लावण्याची मुभा हा खर्च कमी करण्याचा दुसरा मार्ग. कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ओक्लाहोमा ही मुभा देतात. फ्लोरिडात ती नाही, तिथे परवानाधारक कंपन्यांकडूनच खरेदी करावी लागते. जिथे मुभा आहे तिथेही भाड्याच्या घरात मालकाची संमती लागू शकते. स्वतःचे घर असणाऱ्याचे औषध स्वस्त पडते आणि भाडेकरूचे महाग, असा हा उलटा हिशेब आहे.

गाव ठरवण्यापूर्वी काय तपासावे लागते?

राज्याच्या नावापेक्षा पुढील बाबी निर्णायक ठरतात.

१. आजार यादीत आहे का? काही राज्ये मोजक्या आजारांनाच कार्ड देतात. टेक्सासची योजना अनेक वर्षे अतिशय मर्यादित राहिली. आयडाहो, कॅन्सस आणि वायोमिंग येथे रुग्णांसाठी अशी योजनाच नाही.

२. रहिवासी कधी मानले जाते? कार्डासाठी बहुधा त्या राज्याचा पत्ता आणि ओळखपत्र लागते. पत्त्यासाठी घर हवे आणि घरासाठी उत्पन्नाचा पुरावा. या मधल्या काळात औषधात खंड पडू शकतो.

३. जुने कार्ड चालते का? मेन आणि नेवाडासारखी काही राज्ये बाहेरच्या राज्याचे कार्ड मानतात. ओक्लाहोमा तात्पुरता परवाना देते. कित्येक राज्ये यापैकी काहीच करत नाहीत.

४. औषध सोबत नेता येते का? नाही. दोन्ही राज्यांत परवानगी असली तरी सीमा ओलांडून गांजा नेणे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

५. गावात दुकान आहे का आणि ते वैद्यकीय विक्री करते का? मौजेची बाजारपेठ मोठी असलेल्या राज्यांत काही दुकानांनी वैद्यकीय परवाने सोडून दिले आहेत.

६. भाडेकरारात काय लिहिले आहे? धूम्रपान, झाडे लावणे आणि ‘केंद्रीय कायद्याचे पालन’ ही तीन कलमे पाहावी लागतात. घराला सरकारी अनुदान असेल, तर सही करण्याआधी स्थानिक कायदेविषयक मदत केंद्राचा सल्ला घेणे शहाणपणाचे.

७. जुने घर कधी सोडायचे? नव्या घराचा लेखी होकार हाती येण्याआधी अनुदानाचे जुने घर सोडल्यास ते परत मिळण्याची खात्री नसते.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी काय लक्षात घ्यावे?

अमेरिकेत नोकरी, शिक्षण किंवा मुलांकडे भेटीसाठी गेलेल्यांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. स्थलांतराचे नियम पूर्णपणे केंद्रीय आहेत. अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा विभागाने एप्रिल २०१९ मध्ये याबाबत स्पष्ट सूचना काढली. राज्यात कायदेशीर असले तरी गांजाचा वापर, किंवा त्या उद्योगातील काम, नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगली वर्तणूक’ सिद्ध करण्यात अडथळा ठरू शकते, असे त्यात म्हटले होते.

एच-१बी व्हिसावरील कर्मचारी, ग्रीन कार्डधारक किंवा पर्यटक व्हिसावर आलेले आई-वडील या सगळ्यांना हे लागू पडते. शिक्षा झाली नसली, तरी अधिकाऱ्यासमोर वापराची कबुली दिल्यानेही प्रवेश नाकारला जाण्याची शक्यता असते. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आईला मुलाने दुकानातून टीएचसी असलेल्या गोळ्या आणून देणे हा त्या राज्यात साधा व्यवहार वाटतो. विमानतळावर तोच अडचणीत आणू शकतो. म्हणून नागरिकत्व नसलेल्यांनी कार्ड काढण्यापूर्वी स्थलांतर कायद्याच्या वकिलाशी बोलणे गरजेचे आहे.

असे पदार्थ भारतात आणणेही गुन्हा आहे. भारताच्या १९८५ च्या ‘एनडीपीएस’ कायद्यात फुलोरा आणि फळधारणेचे शेंडे म्हणजे गांजा, अशी व्याख्या आहे. शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत, म्हणून काही राज्यांत भांग विकली जाते. पण अमेरिकी राज्याच्या वैद्यकीय कार्डाला भारतात मान्यता नाही.

यादी बदलल्यास प्रश्न सुटेल का?

गांजाला पहिल्या यादीतून काढून तुलनेने सौम्य अशा तिसऱ्या यादीत टाकावे, अशी शिफारस केंद्रीय आरोग्य विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये केली. न्याय विभागाने मे २०२४ मध्ये तसा प्रस्ताव मांडला. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी डिसेंबर २०२५ मध्ये ही प्रक्रिया वेगाने पूर्ण करण्याचा आदेश दिला.

यादी बदलल्याने संशोधन सोपे होते आणि गांजा व्यावसायिकांवरील कराचा बोजा कमी होतो. गांजाला वैद्यकीय उपयोग आहे, हे केंद्र सरकार मान्य करते, हाही मोठा बदल. पण तिसऱ्या यादीतील औषधही रीतसर चिठ्ठीशिवाय वापरणे केंद्रीय कायद्यात बसत नाही आणि राज्याचे कार्ड म्हणजे चिठ्ठी नव्हे. त्यामुळे यादी बदलली म्हणून अनुदानाच्या घराचे दार आपोआप उघडत नाही. त्यासाठी १९९८ च्या गृहनिर्माण कायद्यात रुग्णांसाठी स्पष्ट अपवाद करावा लागेल आणि तो अधिकार काँग्रेसचा आहे.

तोपर्यंत पैसेवाला रुग्ण कोणत्याही परवानगीच्या राज्यात घर विकत घेऊ शकतो, अंगणात झाडे लावू शकतो. महिन्याला ९६७ डॉलरवर जगणाऱ्या रुग्णासाठी मात्र पुएब्लो असो वा ओक्लाहोमातील एखादे खेडे, निर्णय दुकानाच्या पाटीवर होत नाही. तो होतो घराच्या अर्जातील अमली पदार्थांविषयीच्या एका प्रश्नावर.